'टर्न ऑफ इट' चूक का?

प्रश्न: इंग्रजीत 'टर्न ऑफ द लाइट' (दिवा बंद कर) आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतं. मग 'टर्न ऑफ इट' का नाही? आणि 'लुक इट फॉर' का चुकतं?

उत्तर १: 'टर्न ऑफ'मधला 'ऑफ' क्रियाविशेषण आहे, तो सरकतो. कर्म नाम असेल तर मध्ये ठेवा किंवा शेवटी. इट, देम, हिम अशी सर्वनामं मात्र मध्येच: 'पिक देम अप', 'पुट इट ऑन'. 'लुक फॉर'मधला 'फॉर' शब्दयोगी, कर्माच्या आधीच येणार. म्हणून 'लुक फॉर इट'.

उत्तर २: कानालाही कळतं. 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर, 'लुक फॉर इट'मध्ये 'लुक'वर. अपवाद आहेत, पण सुरुवातीला पुरे.

उत्तर ३: चांगल्या शब्दकोशात 'समथिंग' (म्हणजे कर्माची जागा) कुठे छापलंय ते बघा. 'पुट समथिंग ऑफ' (पुढे ढकलणे) म्हणजे मध्ये जागा आहे. 'पुट अप विथ समथिंग' (सहन करणे) म्हणजे नाही. आणि 'गेट'पासून बनणाऱ्या अशा जोड-क्रियापदांची अख्खी यादी एका बैठकीत घोकू नका हो! गेट ओव्हर, गेट अवे, गेट बाय, सगळ्यांची सरमिसळ होते. वहीत सुटं क्रियापद नको, कर्मासकट वाक्य लिहा: 'दे पुट द मीटिंग ऑफ'.