गोठ्यातली राजदूत-येझदी पुन्हा चालू करताना

विदर्भातल्या कितीतरी वाड्यांत, गोठ्यांत जुन्या टू-स्ट्रोक गाड्या उभ्या आहेत. घरीच काम केलेल्यांनी लिहा. रंग-क्रोम नंतर, आधी इंजिन, आणि मापांसकट. उत्तरांवर लिहिणाऱ्याच्या गावाचं नाव आहे.

आर्वी
बंद गाडीला आल्याआल्या किक मारू नका. प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवा. जाम पिस्टनवर हातोडा चालवला की रिंगा गेल्याच. बोअर करायचं (झिजलेला सिलिंडर आतून मोठा कापायचा) ठरलं तर पिस्टन आधी मिळवा आणि लेथवाल्याच्या हातात द्या. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन 0.25, 0.50, 0.75 मिमी अशा टप्प्यांनी येतात. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिराल तर फसाल.

दारव्हा
आर्वीच्या भाऊंच्या म्हणण्यात भर. इंजिन उघडलंच आहे तर क्रँकचे (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याचे) दोन्ही ऑइल सील बदला, वरून चांगले दिसले तरी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रबर कडक होतं. क्लचकडचं सील गेलं की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल घटत जातं. मॅग्नेटोकडचं (वीज तयार करणाऱ्या भागाकडचं) गेलं तर जास्त वाईट. बाहेरची हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढंच राहतं. आपल्याकडच्या मे महिन्यात अशी गाडी पिस्टन धरणारच, म्हणजे तो तापून सिलिंडरमध्ये अडकणारच. लोक मात्र कार्बोरेटरच पिळत बसतात. मॅग्नेट (मॅग्नेटोचं फिरतं चाक) पुलर या ओढून काढायच्या हत्यारानंच काढा, ठोकू नका. हेडच्या फिन्समधली वाळलेली काळी माती खरवडून काढा, तिच्यामुळे इंजिन तापतं.

पुसद
पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क) सर्वांत जास्त उघडतो तिथे फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) 0.4 मिमी ठेवा. पॉइंट सारखे जळत असतील तर कंडेन्सर बदला. थंड असताना चालू, तापली की बंद: कंडेन्सर नाहीतर कॉइल.

हिंगणघाट
गंजलेली टाकी: कॉक काढून भोक बंद करा, पांढरं व्हिनेगर आणि मूठभर बारीक नट टाकून हलवा, दिवसभर ठेवा. मग खायच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी, आणि उन्हात खडखडीत वाळली की लगेच पेट्रोल-ऑइल फिरवा. उशीर झाला की गंज परत धरतो. इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, तेही नवे टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

आर्वी
नवीन रिंगांवर सुरुवातीला लिटरमागे 50 मिली ऑइल, नंतर 40.