मर्यादवेलीला फुलण्याची गरज काय?

प्रश्न: कोकणातल्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, मर्यादवेलीच्या पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात आणि एकच वेल दूरवर पसरते, मग तिला फुलांची आणि बियांची गरज काय?

उत्तर १: पेऱ्यांतून वाढलेले सगळे फाटे जनुकीयदृष्ट्या एकच असतात. जांभळट-गुलाबी फूल सकाळी उमलून दुपारनंतर कोमेजते आणि तेवढ्या वेळात मधमाश्यांनी दुसऱ्या वेलीचे पराग आणले, तरच बहुधा बी धरते.

उत्तर २: बी जवळून पाहावे: वर तपकिरी मखमली लव, आत टणक कवच. खाऱ्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगूनही ते रुजू शकते, म्हणून ही जात भारतापासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर आढळते.

उत्तर ३: म्हणूनच पुळण सरसकट सपाट करणे घातक आहे: त्यानंतर एकाच वेलीचे तुकडे उरले, तर फुले येतील, पण दुसऱ्या वेलीचे पराग न मिळाल्याने बी क्वचितच धरेल.