गरोदरपणात जंताची गोळी: सरसकट द्यावी की तपासून?

केळीपट्टा: रावेर-यावलच्या बागांत बाया ओल्या मातीत अनवाणी राबतात. अंकुशकृमीची (हुकवर्म, आतड्यात राहून रक्त पिणारा जंत) अळी तळपायातून शिरते. त्यातल्या ॲन्किलोस्टोमा जातीचा एकेक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिली रक्त पितो. शंभर जंत असले तर १५-२० मिली रोज गेलं, मग लोहाच्या लाल गोळ्या पुरणार कशा? १४ आठवडे पूर्ण झाले की अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, एकच गोळी, समोर चावून खायला लावा. सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही दुसऱ्या तिमाहीत हेच सांगितलंय.

अक्राणीकर: सरसकटला माझा विरोध आहे. धडगाव-अक्कलकुव्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार, यातही हिमोग्लोबिन कमी होतं) आहे. हिमोग्लोबिन ९ दिसलं, जंताची गोळी दिली, की पुढचा शोधच थांबतो. आधी सिकलसेलसाठी रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट करा, शौच तपासा. आणि याच औषधाने उंदीर-सशांच्या गर्भात व्यंग आलं होतं, हे विसरून कसं चालेल?

केळीपट्टा: असं नाही भो. व्यंगाच्या धोक्यामुळेच तर पहिले तीन महिने गोळी वर्ज्य आहे. सिकलसेल तपासाच, पण दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात. शौचाच्या एका नमुन्यात थोडे जंत असले तर सापडत नाहीत. पाड्यावरून नमुना पोचेपर्यंत दिवस गेला, तर उन्हाळ्यात अंडी फुटतात आणि अळी दुसऱ्याच जंताची वाटते.

उपकेंद्र_चोपडा: दोघांच्या वादात खरी चूक राहून जातेय, ती महिने मोजण्याची. ‘चौथा लागला’ म्हणजे १२-१३ आठवडे सरले, १४ नव्हे. शेवटच्या पाळीची तारीख घ्या, सोनोग्राफी असेल तर ताडून पाहा. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक मोहिमेत १९ वर्षांपर्यंतच्या मुली येतात, त्यांत नवविवाहिताही असतात. पाळी चुकलीय का, हे बाजूला घेऊन विचारा. नकळत गोळी गेलीच, तर तेवढ्यासाठी गर्भपात करायची गरज नाही. १८-२० आठवड्यांची सोनोग्राफी मात्र चुकवू देऊ नका. आणि फिट येत असतील तर गोळी थांबवा, डॉक्टरांना दाखवा. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असल्या तर औषधाने सूज वाढते.

अक्राणीकर: ताई, तारखेचं आणि फिटचं पटलं. शौच तपासणीची अट मी सोडतो, सिकलसेलची सोडणार नाही. गोळी दिल्यावर महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा मोजा. रोज दोन लाल गोळ्या घेऊनही १ ग्रॅम वाढलं नाही तर वरच्या दवाखान्यात पाठवा. ७ च्या खाली असेल तर महिनाभर थांबूच नका, त्याच दिवशी पाठवा.