लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळात) सिरीज-रील्स सोडल्या, पण रिकामा वेळ अंगावर येतोय. मदत हवी आहे

यंदा राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, वेब सिरीज, रील्स आणि यूट्यूब बंद केलंय. दरवर्षी खाण्यातलं काहीतरी सोडते, पण खरं सांगायचं तर त्यावाचून माझं काही अडत नाही. म्हणून यंदा जे सुटत नाही तेच सोडायचं ठरवलं. आज सतरावा दिवस.

हिशोब असा होता की रोज रात्री दीड-दोन तास मोकळे होतील, त्यात बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान वाचून काढीन, प्रार्थनेला नीट बसेन. झालंय भलतंच. ॲप काढून टाकलं तरी अंगठा आपोआप त्याच जागी जातो. तिथे आता हवामानाचं ॲप सरकून आलंय. काल ते मी अकरा वेळा उघडलं. पाऊस नाही, ढग नाहीत, आणि मी आपली तासातासाचं तापमान बघत बसलेय! सोळा अध्यायांचं शुभवर्तमान, माझा अजून पाचवाच चालू आहे.

दुसरी गोष्ट चिडचिड. नवरा उपवासात नाही, त्याचा टीव्ही बाहेरच्या खोलीत चालू असतो. मी आत बायबल उघडून बसते आणि कान तिकडे. परवा त्याला म्हटलं, "आवाज कमी कर, मी प्रार्थना करतेय." ज्या सुरात म्हटलं तो ऐकून मलाच लाज वाटली.

तिसरी जरा नाजूक. कानात काही न घालता भांडी घासायला उभी राहिले की धाकट्या भावाशी झालेलं भांडण आठवतं. तीन वर्षं बोलणं नाही. वाक्य न वाक्य आठवतं, माझीसुद्धा. इतके दिवस हे सगळं कुठे होतं कोण जाणे.

तर, हे असंच होतं की माझं काही चुकतंय? पलीकडच्या खोलीतलं कानावर पडलं तर उपवास मोडतो का? रविवारी सूट असते म्हणतात, ती घ्यावी का? "मोबाइलच फेकून द्या" छाप उत्तरं कृपया नकोत, कामाचे निरोप त्यावरच येतात.

प्रतिसाद १
रविवारचं सांगतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलंत तर ४६ दिवस भरतात. सहा रविवार वजा केले की ४०. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो या चाळिसांत धरत नाहीत. तेव्हा सूट घेतलीत तर नियम मोडत नाही. फक्त मी गेल्या वर्षी रविवारी "एकच भाग" लावला होता, तो सोमवारी पहाटे दोनला संपला. बघायचंच तर कोणाबरोबर तरी बसून बघा.

प्रतिसाद २
तुमच्या हवामानावरून संत ऑगस्टीन आठवले. सन ४०० च्या आसपास लिहिलेल्या आत्मकथनात ते कबूल करतात, की कुत्रा सशामागे धावतो ते खेळ बघायला आता मी जात नाही, पण घरी बसलो असताना पाल माश्या पकडताना दिसली की तेवढ्यातच गुंततो. बिशप झालेला माणूस हो! १ योहान २:१६ मधली डोळ्यांची वासना ती हीच, असं त्यांचं म्हणणं. काय बघतो ते दुय्यम, बघण्याची खाज मूळची. सतरा दिवसांत ती जाईल असं धरू नका.

दुसरं त्यांच्या मित्राचं, अलिपियसचं. सोबत्यांनी त्याला ओढत रोमच्या आखाड्यात ग्लॅडिएटरांच्या झुंजी बघायला नेलं. पठ्ठ्या डोळे गच्च मिटून बसला. गर्दीने आरोळी ठोकली, डोळे उघडले, आणि मग तोही बाकीच्यांसारखा ओरडायला लागला. डोळे मिटले होते, कान उघडे होते. कानावर पडल्याने उपवास मोडत नाही, पण त्या वेळी त्या भिंतीला टेकून बसायचंच कशाला? पहाटे उठून बघा. येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला ते मार्क १:३५ तुमचं वाचून झालेलं असणार.

प्रतिसाद ३
मला जरा वेगळं वाटतं. मनोरंजन म्हणजे पाप नव्हे. सगळ्याची मोकळीक आहे, पण मी कशाच्या ताब्यात जाणार नाही, असं पौल म्हणतो (१ करिंथ ६:१२). तुमचं रील्सचं समजलं. पण नवऱ्याबरोबर बसून जे बघत होतात तेही सोडलंत का? सोडताना त्यांना विचारलं होतं? त्यांच्या बाजूने बघा, रोज शेजारी बसणारी बायको उठून आत गेली आणि वर आतून आवाज कमी करायला सांगते.

धागाकर्ती
विचारलं नव्हतं. सांगितलं. घरच्या ग्रुपवर जाहीरही करून मोकळी झाले. उपवासाचा गाजावाजा करू नका असं सांगणारा मत्तय ६ आधी वाचायला हवा होता. पण भावाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

प्रतिसाद ४
मी मुद्दाम थांबले होते. यशया ५८ काढा. लोक विचारतात, आम्ही उपवास केला, देवा तू बघितलं का नाहीस? उत्तर येतं, तुमचा उपवास भांडणतंट्यात चाललाय. सातव्या वचनापर्यंत जा. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आणि शेवटी, स्वतःच्या रक्तामांसाच्या माणसाला तोंड चुकवू नको.

काय चुकतंय म्हणून विचारताय, मला तर उपवास लागू पडलेला दिसतोय. झाकण निघालं, आत होतं ते वर आलं. प्रार्थनेचा विषय भांड्यांपाशी येऊन उभा आहे आणि तुम्ही हवामान बघताय! फोन करायचं धैर्य नसेल तर राहू दे. रात्री दहा मिनिटं त्याचं नाव घेऊन बसा, नंतर दोन ओळी पाठवा. कोणाचं बरोबर होतं ते त्यात नको.

धागाकर्ती
पाच दिवसांनी लिहितेय. पहाटेचं जमलं नाही, दोनदा उठले आणि दोन्ही वेळा बसल्या जागी झोपले. नवऱ्याशी बोलले. रविवारी त्याच्याबरोबर एक सिनेमा, एरवी रात्री तो हेडफोन लावणार. हेडफोनचं त्यानेच सुचवलं. मार्क नवव्या अध्यायावर आलाय.

काल भावाला लिहिलं. पहिला मसुदा सतरा ओळींचा झाला होता, त्यात "तरीसुद्धा तू" तीनदा. खोडत खोडत दोन ओळींवर आणला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर अजून नाही. हवामान कालपासून एकदाही उघडलेलं नाही, पण उत्तर आलं का ते बघायला फोन मात्र अकरापेक्षा जास्त वेळा हातात घेतलाय. हे कशात धरायचं?