मदत हवी आहे : सातवीच्या मिश्र वर्गासाठी चार सोपे उतारे

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एका वर्गात बसतात, पण डबे उघडले की घोळके वेगळे. पूर्वग्रह नुसत्या उपदेशाने हलत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलने १९७० साली दाखवलं की पडद्यावरचे ठिपके मोजण्यासारख्या फुटकळ कारणावरून गट पाडले, तरी मुलं आपल्याच गटाला झुकतं माप देतात. एकमेकांवाचून अडेल असं काम दिलं, तर फरक पडू शकतो.

त्यासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सनची १९७१ची ‘जिगसॉ’ पद्धत वापरायची आहे. चौघांचा गट, प्रत्येकाला धड्याचा वेगळा तुकडा. आधी सगळ्या गटांतले समान तुकडावाले पंधरा मिनिटं एकत्र तयारी करतात, मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. चाचणी मात्र ज्याची त्याची. गट शिक्षकांनीच पाडायचे, नाहीतर दोस्त दोस्त एकत्र येतात आणि सगळं मुसळ केरात. एखाद-दुसऱ्या तासाने काही होत नाही, सहा आठवडे तरी हवेत.

धडा सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा : धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन, फाशी १२ जानेवारी १९३१. प्रत्येकावर दीडशे शब्दांचा, सारख्या अवघडपणाचा उतारा कोणी लिहून देईल का? आणि मराठीत अडखळणाऱ्या मुलाला तयारी तेलुगूत करू द्यावी का? तो अडखळला की बाकीचे त्याचा तुकडा स्वतःच वाचून मोकळे होतात, तिथेच सगळं फसतं. अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावं.