नेटवर्क स्विचच्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड अडकलंय, फाइल मध्येच तुटते. आज रात्रीचीच विंडो (कामाची ठरलेली वेळ), मदत हवी

तापीकाठ: भुसावळची साइट. नवीन इमेज (स्विचच्या सॉफ्टवेअरची फाइल) टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) टाकतोय, दर वेळी थोडी जाते आणि टाइमआउट. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, फायरवॉल बंद केली. विंडो ११ ते २. लवकर सांगा.

रॅक_४२यू: मॉडेल कोणतं? इमेज किती एमबीची? ‘थोडी’ म्हणजे नेमकी किती जाते?

पारोळा_लिंक: सिस्कोचं २९६० मॉडेल असेल तर टीएआर फाइल (एकत्र बांधलेली इमेज) घ्या आणि ‘आर्काइव्ह डाउनलोड-एसडब्ल्यू’ द्या. एका कमांडमध्ये सगळं उरकतं.

तापीकाठ: सिस्को कॅटॅलिस्ट ९३००, दोनचा स्टॅक (दोन स्विच जोडून एकच केलेले). इमेज ९०० एमबीच्या वर. ३२ एमबीला तुटते, दर वेळी तिथेच.

रॅक_४२यू: मग केबलचा दोष नाही. टीएफटीपीत ब्लॉकचा नंबर १६ बिटांचा आणि ब्लॉक ५१२ बाइटचा. ६५,५३५ ब्लॉक गेले की ३२ एमबी होतात आणि नंबर संपतात. सर्व्हर पुन्हा शून्यापासून मोजत नसेल तर तिथेच रखडणार. पारोळा भाऊ, आर्काइव्हची ती कमांड ९३०० वर नाही.

धुळे_नॉक: ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइझ ८१९२’ द्या, जाईल पुढे.

रॅक_४२यू: ५१२ एमबीपर्यंत जाईल. यांची इमेज त्याहून मोठी. एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी) वापरा. लॅपटॉप मागच्या मॅनेजमेंट पोर्टला असेल तर तो पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) असतो, म्हणून आधी एसएसएचचा सोर्स-इंटरफेस गिगाबिट ०/० ठेवा.

धुळे_नॉक: एवढा खटाटोप कशाला? पेनड्राइव्ह एफएटी३२ करा, लावा, ‘यूएसबीफ्लॅश०’वरून फ्लॅशवर कॉपी करा.

रॅक_४२यू: माणूस साइटवर आहे की घरून करतोय, ते कुठे लिहिलंय त्याने?

केळीबाग: अर्थिंग मोजलं का? आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, या स्विचची मर्यादाच ४५ अंश. रॅकचा मागचा भाग मोकळा ठेवा.

तापीकाठ: खोलीत एसी आहे भाऊ. मी साइटवरच आहे. पेनड्राइव्हने गेली फाइल. आता ‘ॲड ॲक्टिव्हेट कमिट’ (इमेज उलगडणं, चालू करणं, कायम करणं) एकदमच देऊ?

धुळे_नॉक: द्या. एका ओळीत होतं.

रॅक_४२यू: एकदम देऊ नका. आधी ‘व्हेरिफाय एमडी५’ करून (फाइल शाबूत आहे का ते कळतं) डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवा. ‘शो व्हर्जन’च्या शेवटी मोड इन्स्टॉल (उलगडलेल्या पॅकेजेसवरून बूट) आहे की बंडल (थेट इमेज फाइलवरून) ते बघा. दोन्ही मेंबरच्या फ्लॅशमध्ये जागा बघा, पॅकेजेस उलगडल्यावर ती जास्त लागते. ‘इन्स्टॉल रिमूव्ह इनॅक्टिव्ह’ (वापरात नसलेल्या फाइली काढणं) खरं तर कॉपीच्या आधी करायचं असतं. आता करणार असाल तर यादी पूर्ण वाचल्याशिवाय होकार देऊ नका, त्यात तुमची नवीन फाइलही असू शकते.

‘ॲड’ला रीलोड (स्विच रीस्टार्ट) लागत नाही, ते आत्ताच करा. ११ ला ‘ॲक्टिव्हेट’. मग स्टॅक, ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंक), पीओई (केबलमधूनच उपकरणांना वीज) तपासा आणि सगळं बरोबर असेल तरच ‘कमिट’. कमिट न दिल्यास १२० मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या व्हर्जनवर परततो. एकदम दिलं तर ही सोय हातची जाते.

पारोळा_लिंक: यूपीएसची बॅटरी बघून ठेवा. पहिल्या बूटला बूटलोडरही (स्विच सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) बदलू शकतो, तेव्हा वेळ लागतो. स्विच लटकला असं समजून वीज काढू नका.

तापीकाठ: एमडी५ जुळला, मोड इन्स्टॉल. ॲड दोन्ही मेंबरवर झालं. ११ ला ॲक्टिव्हेट देतो.

रॅक_४२यू: त्याआधी ‘राइट मेमरी’ (कन्फिग सेव्ह), आणि कन्फिग लॅपटॉपवर उतरवून घ्या. कन्सोल केबल लावूनच ठेवा, ९६०० बॉडच्या वेगावर.