एका सडात पेशी सहा लाखांवर, पण दूध स्वच्छ आणि तपासणीत जंतू नाहीत: प्रतिजैविक द्यावे का?

गोठेवाला (प्रश्न):
माझी तिसऱ्या वेताची गाय व्याल्याला दोन महिने झाले आहेत. तिच्या मागच्या उजव्या सडातील दुधात सोमॅटिक पेशींची (दुधात उतरणाऱ्या गायीच्या शरीरातील पेशींची) संख्या दर मिलिलिटरला 6,20,000 आली असून उरलेल्या तिन्ही सडांत ती 80,000 च्या आत आहे. कास मऊ आहे, दुधात गुठळ्या नाहीत आणि प्रयोगशाळेत जंतूंची वाढ झाली नाही. या पेशी जर शरीराच्या रक्षणासाठीच येत असतील, तर त्यांचे वाढणे दोष का मानायचे? आणि जंतूच नसतील, तर त्या आल्या कशासाठी?

पशुवैद्यक:
निरोगी सडाच्या दुधातही पेशी असतात. साधारणपणे एक लाखाच्या आत, आणि त्यांत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या प्रमाणात असतात. सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरला की हे मॅक्रोफेज आणि कासेच्या अस्तरातील पेशी रासायनिक संदेश सोडतात, आणि त्या हाकेसरशी रक्तातील न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काही तासांतच अस्तर ओलांडून दुधात उतरतात. तीव्र कासदाहात (कासेला येणाऱ्या सुजेत) दुधातील दहा पेशींपैकी नऊ न्यूट्रोफिल असू शकतात. म्हणजे दोष पेशींचा नाही. त्यांची संख्या आत काय चालले आहे ते सांगते, आणि दोन लाखांच्या वर गेलेल्या सडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच धरली जाते.

मात्र हे रक्षण फुकट होत नाही. दुधात आलेला न्यूट्रोफिल जंतूंबरोबर स्निग्धकण आणि केसीन हे दुधातील प्रथिनही गिळतो, त्यामुळे रक्तात असताना त्याची जी ताकद असते ती इथे उरत नाही. शिवाय तो सोडतो त्या विकरांनी (एन्झाइमांनी) अस्तराला इजा होते, दुधातील सोडियम व क्लोराइड वाढतात आणि लॅक्टोज ही दुधातील साखर घटते. हे फार काळ चालले, तर दूध तयार करणाऱ्या पेशी नष्ट होऊन तिथे तंतुमय ऊती येते, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

जंतू न सापडण्याची कारणे दोन टोकांची आहेत. ई. कोलाय हा जंतू असेल, तर प्रतिसाद इतका जोरकस असतो की नमुना घेईपर्यंत जंतू संपलेले असतात आणि पेशी मात्र मागे राहतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असेल, तर तो न्यूट्रोफिलच्या आतच जिवंत राहू शकतो, ऊतीत बारीक गळू करून दडतो आणि दुधात अधूनमधूनच उतरतो. या दोहोंतला फरक एका नमुन्यावरून कळत नाही, म्हणून आज प्रतिजैविक देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूध_उत्पादक:
वरील उत्तराला माझा अनुभव जोडतो. माझ्या एका गायीच्या पहिल्या दोन नमुन्यांत काही आले नाही, तिसऱ्यात ऑरियस सापडला. त्या काळात मी रोज धार काढण्यापूर्वी चार खणांच्या पसरट भांड्यात चारही सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घेऊन त्यात तपासणीचे डिटर्जंट मिसळून भांडे गोल फिरवीत असे. तीन खणांतले मिश्रण पाण्यासारखे हलायचे, चौथ्यातले मात्र मधोमध गोळा होऊन शेंबडासारखे तळाला चिकटायचे. डिटर्जंटने पेशी फुटून त्यांतला डीएनए बाहेर पडतो आणि त्याचाच हा चिकटपणा असतो, हे समजल्यावर ती चाचणी मी कधी चुकवली नाही.

पशुवैद्यक:
हेच करावे. पुढचा नमुना घेताना पहिल्या धारा टाकून द्याव्यात, सडाचे टोक अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावे आणि बाटलीचे तोंड सडाला लागू देऊ नये. नाहीतर त्वचेवरचे जंतू वाढतात आणि आपण भलत्याच शत्रूवर औषध चालवतो.

गोठेवाला:
दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना देतो. तोपर्यंत या गायीची धार शेवटी काढावी का?

दूध_उत्पादक:
होय, शेवटी काढा. धार झाल्यावर चारही सड जंतुनाशकात बुडवा आणि लगेच गव्हाणीत चारा टाका, म्हणजे ती उभी राहील. धारेनंतर सडाचे छिद्र पूर्ण मिटायला अर्धा ते एक तास तरी लागतो, आणि तेवढ्या वेळात ती शेणात बसता कामा नये.